डोंगरउतारावरची कुदळ : सायकलवाट, समतल चर आणि पावसाचे पाणी



रविवारच्या सकाळी दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्याने जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन निघणारे तरुण आता आपल्या शहराला अपरिचित राहिलेले नाहीत. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही आहेत. यांपैकी काहींना डांबरी रस्ता पुरेसा वाटत नाही. एखाद्या खडकाळ टेकडीच्या उतारावर सायकल चालविता येईल अशी वाट आपणच श्रमदानाने का तयार करू नये, असा विचार ते बोलून दाखवितात. विचार चांगला आहे. घाम गाळण्याची तयारी ज्या वयात असते त्याच वयात तो सुचतो, हे त्याहून चांगले. परंतु डोंगराच्या अंगावर कुदळ मारणे हे वरवर दिसते तितके निरुपद्रवी काम नव्हे. चुकीच्या जागी काढलेली दोन हात रुंदीची वाट चार पावसाळ्यांत ओघळ बनते आणि त्या ओघळीतून वाहून गेलेली माती परत येत नाही. म्हणून अशी वाट कशी करतात, ती का टिकते वा का बिघडते, आणि आपल्या मराठवाड्याच्या डोंगरांवर याच हत्यारांनी दुसरे कोणते काम होऊ शकते, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

डोंगरातील सायकलस्वारीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यातील टामाल्पाइस पर्वताच्या परिसरात झाला असे मानले जाते. तेथील काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने वेगात खाली आणीत. १९७६ मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी खास डोंगरासाठी बनविलेली पहिली सायकल तयार झाली. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून मोठी डोंगरी सायकल स्पर्धा भरू लागली. हा इतिहास येथे थोडक्यात पुरे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना वेगळीच आहे. सायकलींमुळे पायवाटा उखडतात, माती सुटते, पायी चालणाऱ्यांना त्रास होतो, अशा तक्रारींवरून कॅलिफोर्नियातील अनेक वाटा सायकलस्वारांना बंद करण्यात येऊ लागल्या. तेव्हा १९८८ मध्ये तेथील सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि आपल्या सभासदांच्या हाती कुदळ-फावडे दिले. वाट मोडणाऱ्यांनी वाट बांधायला शिकावे, हा त्यामागील विचार होता. सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून श्रमदान करणाऱ्या या स्वयंसेवकांनी पुढे जे नियम रूढ केले, त्यांचा गाभा सायकलीविषयी नसून पाण्याविषयी आहे.

आता आपल्या डोंगरांकडे पाहू. वेरूळ, म्हैसमाळ, देवगिरी, शहरालगतची गोगाबाबा टेकडी किंवा बुद्धलेणी असलेला डोंगर, हे सारे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे पठार बनले. सर्व थर एकसारखे नाहीत. काही घट्ट व एकसंध; वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरता आले ते अशा खडकामुळे. काही थर सच्छिद्र व ठिसूळ असून ऊन-पावसाने त्यांचा मुरूम होतो. म्हणूनच आपल्या टेकड्यांना पायऱ्यापायऱ्यांसारखा आकार आलेला दिसतो : घट्ट थराचा उभा कडा, त्याखाली मुरमाचा तिरका उतार, पुन्हा कडा. या उतारावर मातीचा थर बहुधा वीतभरही नसतो. कुसळी गवत, तरवड आणि एखाददुसरे हिवराचे झाड यांच्या मुळांनी ती माती कशीबशी धरून ठेवलेली असते.

आणि पाऊस? वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या जोरदार सरींत. एक हिशेब ध्यानात ठेवावा. एका हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर होते. उघड्या, खडकाळ उतारावर त्यातील मोठा भाग मुरत नाही. तो खाली धावतो. धावताना त्याला जी वाट सोपी मिळेल ती तो धरतो.

डोंगरावर वाट काढण्याची अननुभवी माणसाची पहिली कल्पना सरळ असते. पायथ्यावरून माथा दिसतो, त्या दिशेने थेट वर जावे. आगमनकाळात आपण यशया प्रवक्त्याची आणि योहान बाप्तिस्माकर्त्याची वाट सरळ करण्याची हाक ऐकतो. ती अंतःकरणाच्या वाटेविषयी आहे. डोंगरउतारावर तिचा अक्षरशः अवलंब केल्यास मात्र अनर्थ ओढवतो! सरळ वर चढणारी वाट ही पाण्याच्या वाहण्याच्या दिशेलाच काढलेली असते. पाऊस पडला की वाट हाच नाला होतो. पहिल्या वर्षी बारीक माती जाते, दुसऱ्या वर्षी मुरूम, त्यानंतर सुटे दगड उरतात. दगडांवरून चालणे कठीण म्हणून माणसे आणि जनावरे कडेने चालू लागतात, कडेचे गवत मरते, वाट रुंदावते आणि तिच्या शेजारी दुसरी ओघळ तयार होते. यात्रेच्या टेकड्यांवर, गडांच्या वाटांवर असे तिपेडी-चौपेडी व्रण आपण सर्वांनी पाहिले आहेत.

टिकणारी वाट डोंगराच्या अंगाला आडवी, हळूहळू चढत जाते. स्वयंसेवकांचे दोन ठोकताळे येथे उपयोगी पडतात. पहिला असा की, वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे ६० मीटर उंचीच्या टेकडीवर जाण्यास निदान ६०० मीटर लांबीची वाट हवी. दुसरा ठोकताळा असा की, त्या जागी डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ अधिक असू नये. डोंगराचा उतार १६ टक्के असेल, तर वाट ८ टक्क्यांपर्यंतच चढवावी. निम्म्याहून अधिक चढविली, तर पाण्याला वाट ओलांडून पलीकडे उतरण्यापेक्षा वाटेनेच धावणे सोपे जाते. हे एवढे एक सूत्र समजले, तरी निम्मे काम समजले.

उरलेले निम्मे म्हणजे वाटेची बैठक. उतारात वाट कोरताना वरच्या अंगाची माती-मुरूम काढून पूर्ण रुंदीची पायरी मूळ घट्ट जमिनीतच बसवावी लागते. घाईने काम करणारे निम्मी पायरी कोरतात आणि निघालेली माती खालच्या कडेला लोटून उरलेली निम्मी रुंदी भरावाने करतात. भरावाची ती कड पहिल्या जोराच्या पावसात खचते. पायरी तयार झाली की तिला बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला किंचित झुकाव द्यायचा : एक मीटर रुंदीला साधारण ५ सेंटिमीटर. वरून आलेले पाणी त्यामुळे पातळ थराने वाट ओलांडून निघून जाते, वाटेवर थांबत नाही. शिवाय दर काही अंतरावर चढती वाट थोडी उतरवून पुन्हा चढवितात. त्या लहानशा खोलगट जागी वाटेवर चुकून जमलेले पाणी बाहेर पडते. सायकलस्वाराला ही लाट गमतीची वाटते. वाट बांधणाऱ्याच्या लेखी ती मोरी आहे.

जेथे माती मुळीच नाही, केवळ गोटे आणि सुटा मुरूम आहे, तेथे दगडच उपयोगी पडतो. चपटे दगड उभे, एकमेकांना घट्ट भिडवून फरसबंदीसारखे रोवतात. त्यांचा मोठा भाग जमिनीत असतो आणि थोडासा माथा वर दिसतो. आडवा पसरलेला दगड चाकाखाली डोलतो व निसटतो. खालची कड सावरण्यासाठी सिमेंटविना रचलेली भिंत घालावी लागते. तिचे पहिले दगड सर्वांत मोठे, पक्क्या जमिनीत आणि डोंगराकडे किंचित कललेले असावेत. प्रत्येक दगडाने खालच्या दोन दगडांचा सांधा झाकावा. आणि मधूनमधून लांब दगड भिंतीतून आत डोंगरात शिरावेत. शेताच्या बांधावर ताल रचणाऱ्या आपल्याकडील वृद्ध शेतकऱ्याला यात काही नवे वाटणार नाही. किंबहुना अशा कामात शहरी तरुणांनी पहिला दिवस एखाद्या जाणत्या गवंड्याच्या वा वडाराच्या हाताखाली काढावा. पहार कोठे खुपसली, टेकू कोठे ठेवला की चार माणसांना न हलणारा धोंडा दोघांना हलतो, हे पुस्तकातून कळत नाही.

पाण्याला उताराने चालविण्याची विद्या या शहराला नवी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगराळ भागातील जमिनीखालचे पाणी नहरीतून शहरात आणले. यंत्राविना, केवळ नेमका उतार राखून. पाणचक्कीचे पाणीही असेच दूरच्या डोंगरातून येते. उतार जरा अधिक झाला असता तर नहर उखडली असती, जरा कमी झाला असता तर गाळाने भरली असती. ज्यांनी तो उतार मोजला त्यांच्याजवळ ओळंबा, पाणी आणि नजर यांपलीकडे फारशी साधने नव्हती.

आजही स्वयंसेवकांचे मुख्य साधन जवळजवळ तेवढेच साधे आहे. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मधे एक आडवी काठी ठोकायची आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी दिसते म्हणून हिला ए-फ्रेम म्हणतात. चौकट दोन खुणांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे टेकते तेथे रेघ ओढावी. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध समपातळीची खूण येते. एक पाय रोवून दुसरा पाय उतारावर असा फिरवायचा की दोरी त्या खुणेवर येईल. त्या ठिकाणी खडा ठेवायचा आणि चौकट पुढे न्यायची. अशा खड्यांच्या ओळीवरून चुन्याची फक्की मारली, की डोंगराच्या अंगावर एकाच पातळीची रेषा उमटते. वाट आखायची असेल, तर खालच्या पायाखाली ठोकळा बांधावा. दोन पायांत २ मीटर अंतर आणि ठोकळा १६ सेंटिमीटरचा असल्यास रेषा नेमकी ८ टक्के चढत जाते. ठोकळा काढून टाकला, तर तीच चौकट वाटेऐवजी चर आखते.

आणि येथेच या लेखाचा दुसरा, आपल्याला अधिक जवळचा विषय सुरू होतो.

चर : तीच हत्यारे, वेगळा हेतू

वाटेचे शास्त्र पाण्याला सुखरूप जाऊ देण्याचे आहे. सलग समतल चराचे शास्त्र त्याच पाण्याला थांबविण्याचे आहे. उताराला आडवा, एकाच पातळीवर चर खोदायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचायची. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा १०० मीटर लांबीचा चर घेतला, तर त्यात एका वेळी १८ घनमीटर, म्हणजे १८ हजार लिटर पाणी मावते. ते मुरले की पुढच्या सरीला चर पुन्हा रिकामा. एका पावसाळ्यात तो कित्येकदा भरतो आणि ते पाणी मुरमाच्या थरांतून झिरपत पायथ्याच्या विहिरींकडे जाते. बांधावर गवत व झाडे लावली, की माती धरून राहते.

यात पातळीची चूक महागात पडते. १०० मीटर चराचे एक टोक वीतभर जरी खाली गेले, तरी सारे पाणी त्या टोकाला जमते, बांध फुटतो, खालच्या चरावर दुप्पट भार येतो आणि तोही फुटतो. असे करीत वरपासून खालपर्यंत एक नवी ओघळ तयार होते. म्हणून चरात मधूनमधून न खोदलेले आडवे पडदे राखतात. अतितीव्र उतारावर आणि उघड्या खडकावर चर खोदतच नाहीत. तेथे ओघळींत अनघड दगडांचे लहान बांध घालतात. कामाची दिशाही ठरलेली आहे : माथ्याकडून पायथ्याकडे. वर काहीच न करता खाली नाल्यात मोठा बंधारा बांधला, तर दोन-तीन वर्षांत तो गाळाने भरतो. परंतु खालच्या बंधाऱ्याचे उद्घाटन करता येते आणि माथ्यावरील चराजवळ कोणी फीत कापायला जात नाही, ही आपल्याकडची अडचण आहे.

महाराष्ट्रात हे काम लोकांच्या हातून उभे राहावे यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एका येशूसंघीय धर्मगुरूचे नाव अग्रभागी आहे. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. ते १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांची कर्मभूमी अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा ठरली. तेथील सोशल सेंटरचे ते संस्थापक. विहिरी खोदून, पंप देऊन गरिबी हटत नाही, कारण विहिरीत यायचे पाणी आधी डोंगरावर अडले पाहिजे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. १९७२ च्या दुष्काळाने तर ते साऱ्या महाराष्ट्राला शिकविले होते. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. जर्मन शासनाचे अर्थसाहाय्य आणि नाबार्डचा सहभाग त्याला लाभला. १९९३ मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे तिच्या कामाचे ठळक उदाहरण म्हणून आजही अभ्यासले जाते. फादर बाखर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. धर्मांतराच्या आरोपांचा धुरळा उडविणाऱ्यांनी एकदा संगमनेर-पारनेरच्या त्या टेकड्यांवरून चालून यावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

या कार्यक्रमात एक अट होती : पैसा बाहेरून येईल, परंतु अकुशल मजुरीच्या खर्चापैकी १६ टक्के वाटा गावाने श्रमदानाने उचलला पाहिजे. भूमिहीन कुटुंबांना आणि एकाकी पालकाच्या गरीब कुटुंबांना त्यातून सूट होती. ही सूट किरकोळ समजू नये. चरांमुळे पाणी वाढते ते विहीर असणाऱ्याचे. ज्याच्याजवळ जमीन नाही त्याने समान घाम गाळावा आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, याला दान म्हणणे कठीण आहे. श्रमदानाच्या छायाचित्रांत हा प्रश्न दिसत नाही. गावात दोन रात्री मुक्काम केला की दिसतो.

दुसरी अट त्याहून कडू. चर टिकायचे तर काही वर्षे त्या उतारावर मोकळी चराई बंद ठेवावी लागते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री हिवरे बाजारने अमलात आणली. तेथे सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने कायापालट करून दाखविला आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. (त्यांतील नसबंदीविषयी आपल्या ख्रिस्तसभेची भूमिका भिन्न आहे, हे वाचक जाणतात.) चराईबंदीचा पहिला भार मेंढपाळावर आणि दोन शेळ्यांवर घर चालविणाऱ्या विधवेवर येतो. जेथे डोंगराचा काही भाग आळीपाळीने चराईला मोकळा ठेवला, कापलेले गवत वाटून दिले, तेथे बंदी टिकली. जेथे केवळ ठराव झाला, तेथे रात्री कुंपण मोडले.

श्रमदानाला अलीकडच्या काळात मोठे रूप दिले ते पानी फाउंडेशनने. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू झाली. पुढे ती अनेक जिल्ह्यांत पसरली. आपल्या जिल्ह्यातील खुलताबाद व फुलंब्री तालुक्यांतील गावेही तीत उतरली. एप्रिल-मे महिन्यांतील ४५ दिवस पहाटे व रात्री दिव्यांच्या उजेडात टिकाव चालत. १ मे २०१८ रोजी शहरांतील हजारो लोक गावकऱ्यांबरोबर घमेली उचलण्यास गेले. २०१९ नंतर ही स्पर्धा त्या स्वरूपात झाली नाही. स्पर्धेच्या वेगात काही ठिकाणी यंत्रांनी गरजेहून खोल चर खणले गेले आणि माथ्यावरची माती उघडी पडली, अशी टीका जाणकारांनी केली. ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. तथापि ए-फ्रेम आणि पाण्याची नळी लावून पातळी मोजण्याचे साधन गावोगावच्या बायामाणसांच्या हाती आले, हा लाभ स्पर्धा संपल्यावरही उरला आहे.

मग सायकलवाट करावी की नाही?

आमचे मत असे की, करावी; परंतु जागा कोणाची, हे आधी विचारावे. आपल्या परिसरातील बहुतेक टेकड्या वनविभागाच्या, पुरातत्त्व खात्याच्या किंवा गायरानाच्या आहेत. वनजमिनीवर परवानगीविना वाट फोडणे हा १९२७ च्या वन कायद्याचा आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा विषय होतो. कन्नडकडील गौताळा-औट्रमघाट हे अभयारण्य आहे. तेथे नियम आणखी कडक. देवगिरी किल्ला, वेरूळ, शहराजवळची लेणी, बीबी-का-मकबरा यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम व खोदकामाला मनाई असून त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यात आली. उत्साही मंडळींना हे कागदोपत्री अडथळे वाटतात. परंतु ज्या खडकात दीड हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, त्याच्या माथ्यावर पाण्याची दिशा बदलणे हा खेळ नव्हे. गायरान असेल तर ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि ती घेताना मेंढपाळांना बोलवावे. डोंगरावरील खऱ्या वाटा त्यांच्या आणि त्यांच्या शेळ्यांच्या पायांनी पडलेल्या असतात, आणि त्या बहुधा शास्त्रालाही धरून असतात.

दुसरे असे की, ज्या गावाच्या टेकडीवर आपण मौजेसाठी वाट मागणार, त्या गावाला आपल्या कुदळीचा काही उपयोग व्हावा. वाट आणि चर एकाच उतारावर परस्परांना पूरक ठरू शकतात. वाटेवरून बाहेर पडणारे पाणी खालच्या चरात घेता येते, आणि चरांची दुरुस्ती करण्यास, रोपांना पाणी घालण्यास त्याच वाटेने जाता येते. जळणाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला ८ टक्क्यांची वाट सायकलस्वारापेक्षा अधिक मोलाची आहे. वैजापूर तालुक्यातील घोगरगावसारख्या आपल्या जुन्या धर्मग्रामांतून शहरात शिकायला आलेल्या मुलांना टँकरची वाट पाहणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अशी मुले या कामात पुढे असावीत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांची सांगड घातली. आमच्या धर्मप्रांतात त्यावर अनेक व्याख्याने झाली, चर मात्र थोडेच खोदले गेले.

सायकलीला ख्रिस्तसभेने कधी परके मानलेले नाही, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते. इटलीत कोमो सरोवराजवळच्या चढावर गिसाल्लो येथील पवित्र मरियेचे लहानसे मंदिर आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. नामवंत स्पर्धकांच्या सायकली तेथे ठेवलेल्या आहेत. श्रद्धावान कॅथोलिक असलेला विख्यात सायकलपटू जिनो बार्ताली याने दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांना वाचविणारी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळ्यांत लपवून पोहोचविली, आणि हयातीत त्याविषयी फारसे बोलणे टाळले. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला.

ज्या युवक मंडळांना हे काम हाती घ्यावयाचे आहे त्यांनी आरंभ पावसाळ्यात करावा, हत्यारांविना. जोराची सर चालू असताना सुरक्षित जागी उभे राहून त्या टेकडीवर पाणी कोठून येते, कोठे गोळा होते, हे पाहावे व कागदावर उतरवून ठेवावे. उन्हाळ्यात कोरड्या डोंगरावर हे कळत नाही. आखणी हिवाळ्यात, गवत पिवळे पडल्यावर करावी. खोदकाम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे, किंवा उपवासकाळात शुक्रवारी पहाटे, क्रूसाच्या वाटेच्या भक्तीआधी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर टिकाव खाली ठेवावा. उताराच्या कामात एकाच्या खाली दुसरा असे कधीही उभे राहू नये, कारण सुटलेला धोंडा हाकेपेक्षा वेगाने येतो. दगड उलटताना पहार वापरावी. त्याखाली विंचू असतोच असे नाही, पण फुरसेही असू शकते. पायांत जाड बूट, डोळ्यांना घण मारताना चष्मा, आणि सर्वांत जवळचे सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेले रुग्णालय कोणते, याची आधीच चौकशी. लस नेमकी उपलब्ध आहे की नाही, हे दूरध्वनीवर नव्हे, प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

पहिल्या वर्षी १०० मीटरपेक्षा अधिक वाट करू नये. ती एक पावसाळा पाहून घेऊ द्यावी. ऑक्टोबरमध्ये जाऊन कड कोठे खचली, पाणी कोठे साचले याची खूण करावी, आणि पुढची आखणी त्यावरून ठरवावी.